घोरणं, थांबणारा श्वास आणि हृदय : सोलापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी सातनंतर माझं काम सुरू होतं. लोकांच्या घरी जायचं, छातीला आणि पोटाला पट्टे बांधायचे, नाकाखाली नळी बसवायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि सकाळी येऊन ते यंत्र परत न्यायचं. मी स्लीप टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते समजून घेण्यासाठी आहे. ते वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका.

हे लिहावंसं वाटण्याचं कारण घरातलंच आहे. आमचे अण्णा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. चार वर्षं त्यांच्या बीपीच्या गोळ्या वाढत गेल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. ईसीजी झाला, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली. झोप कशी लागते, हे ना कुठल्या डॉक्टरांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं. त्यांचं घोरणं गल्लीला माहीत होतं, फाइलमध्ये मात्र त्याची एक ओळ नव्हती. एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतरच्या तपासण्यांत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार, सापडला. तुमच्या घरातल्या माणसाच्या फाइलमध्ये ती ओळ वेळेत यावी, एवढ्यासाठी ही उत्तरं.

घोरतोय म्हणजे माणूस गाढ झोपलाय, असंच ना?

नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, त्यातून हवा जाताना मऊ भाग थरथरतो आणि त्याचा आवाज येतो. घोरणाऱ्या प्रत्येकाला आजार असतो असंही नाही. कान द्यायचा तो घोरण्यात पडणाऱ्या खंडाकडे. एका लयीत रात्रभर चाललेलं घोरणं वेगळं. घोरणं वाढत जातं, मधेच सगळं शांत होतं, छाती हलतेय पण आवाज नाही, आणि मग एकदम खाकरून, गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो, हे वेगळं. ती शांतता म्हणजेच ॲप्निया. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या घरांत शेजाऱ्यांनासुद्धा हे ऐकू येतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये समोरच्या बर्थवरच्या अनोळखी माणसाने सांगितलं म्हणून तपासणीला आलेले दोघे जण मला माहीत आहेत.

श्वास थांबतो म्हणजे नेमकं काय होतं? माणूस मरत कसा नाही?

मेंदू त्याला उठवतो म्हणून मरत नाही. पण उठवण्याची किंमत हृदय मोजतं.

रात्रीचा आलेख सकाळी कॉम्प्युटरवर उघडला की मला जे दिसतं, तेच सांगते. वरची रेघ नाकातल्या हवेची. ती चढ-उतार करत चाललेली असते आणि एका जागी सपाट होते. खालच्या दोन रेघा छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या. त्या सपाट होत नाहीत. उलट जास्त धडपडतात आणि एकमेकींच्या विरुद्ध जातात. पोट फुगतं तेव्हा छाती आत ओढली जाते. म्हणजे फुप्फुसं हवा मागतायत, पण घशाचं दार बंद आहे. किमान १० सेकंद असं झालं की आम्ही त्याला ॲप्निया म्हणतो. पुष्कळ वेळा ते २०-३० सेकंद चालतं, कधी त्याहून जास्त. त्याखाली ऑक्सिजनची रेघ. ती लगेच पडत नाही. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून श्वास परत सुरू झाल्यावरही ती काही सेकंद खालीच जात राहते : ९५, ९१, ८६, ८१ टक्के. आणि सगळ्यात खाली नाडी. सपाट भागात संथ, नंतर श्वास फुटला की एकदम उसळलेली, ५८ वरून थेट ९४. दोन-तीन सेकंदांची जाग, घसा उघडतो, पुन्हा झोप, पुन्हा दार बंद. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. "मस्त झोपलो की," असंच तो मला सांगतो, आणि माझ्या हातात तासाला ४७ वेळा श्वास अडकल्याचा कागद असतो.

यात हृदयाचा संबंध कुठे आला? हा तर घशाचा आजार.

जागा घशाची आहे, मार बसतो तो हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना. तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली गोष्ट ओढीची. बंद घशाविरुद्ध फुप्फुसं हवा ओढू लागली की छातीच्या पोकळीत मोठी खेच तयार होते. हृदय त्याच पोकळीत आहे. हृदयाच्या भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात आणि त्या ताणाविरुद्ध त्याला रक्त बाहेर ढकलावं लागतं. वरच्या दोन कप्प्यांच्या भिंती मुळातच पातळ असतात, त्यामुळे त्या जास्त ताणतात. रात्रीतून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. तो नुसता कमी राहत नाही. पडतो, चढतो, पुन्हा पडतो. या सततच्या हेलकाव्याने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते कडक होतं, आणि चरबीचे थर साचायला तिथे जागा मिळते. इन्सुलिनचं कामही बिघडतं, म्हणून मधुमेह असलेल्यांना दुहेरी त्रास.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑक्सिजन पडला की गळ्याच्या बाजूच्या रक्तवाहिनीपाशी असलेले संवेदक मेंदूला धोक्याची खबर देतात. ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी उसळतं. अंगावर कुत्रं धावून आलं की जे होतं, तेच झोपेत, दर दीड-दोन मिनिटांनी. रात्र ही हृदयाच्या विश्रांतीची वेळ. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली येतं. ॲप्निया असलेल्या पुष्कळ जणांचं ते उतरतच नाही, आणि काही वर्षांनी दिवसाही वरच राहतं.

बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, पथ्य पाळतोय, तरी बीपी उतरत नाही. हे कारण असू शकतं?

हो, आणि अशा वेळी हे आधी तपासायला हवं. तीन प्रकारची औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही, त्यातलं एक लघवी वाढवणारं असूनही, बीपी ताब्यात येत नसेल तर डॉक्टर त्याला औषधांना दाद न देणारा रक्तदाब म्हणतात. त्यातल्या बहुसंख्य लोकांत स्लीप ॲप्निया आढळतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये काढलेल्या निवेदनात म्हटलंय की उच्च रक्तदाब, हृदयाच्या धमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं), अनियमित ठोके आणि पक्षाघात असलेल्या रुग्णांत ४० ते ८० टक्क्यांना झोपेतला हा आजार असतो, आणि तरीही तो ओळखला जात नाही, त्यावर उपचारही पुरेसे होत नाहीत.

डॉक्टरांना २४ तासांच्या बीपीच्या पट्ट्याबद्दल विचारा. दवाखान्यात दुपारी घेतलेलं बीपी रात्रीचं काही सांगत नाही.

हार्ट अटॅक येतो का याने? की फक्त बीपी वाढतं?

बीपीपासून सुरुवात होते, तिथे ते थांबत नाही. ताणलेल्या वरच्या कप्प्यांतून ठोक्यांची लय बिघडते, त्याला ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली की पक्षाघात. आमच्या अण्णांचं असंच झालं. लय सुधारायची प्रक्रिया करून घेतली आणि ॲप्निया तसाच ठेवला, तर लय पुन्हा बिघडण्याची शक्यता जास्त राहते.

स्पेनमध्ये पुरुषांवर सुमारे दहा वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र ॲप्निया असून उपचार न घेतलेल्यांत हृदयविकाराचे जीवघेणे आणि इतर झटके निरोगी लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा एक अभ्यास आला. हृदय अचानक बंद पडून मृत्यू आलेल्यांच्या वेळा त्यांनी पाहिल्या. एरवी असे मृत्यू सकाळी उठल्यानंतरच्या तासांत जास्त होतात. ॲप्निया असलेल्यांत मात्र जवळपास निम्मे, ४६ टक्के, मध्यरात्री १२ ते पहाटे ६ या वेळेत झाले होते. "झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही," असं आपण किती सहज म्हणतो. हा आकडा वाचल्यापासून मला ते वाक्य ऐकवत नाही.

वडिलांना आधीच हार्ट फेल्युअर आहे. त्यांना ॲप्निया हृदयामुळे झाला की ॲप्नियामुळे हृदय बिघडलं?

दोन्ही दिशांनी होतं. हृदय कमजोर असेल तर दिवसभरात पायांत पाणी उतरतं. रात्री आडवं झालं की ते वर सरकतं, मानेच्या ऊतींत साचतं आणि घसा आणखी आवळतो. शिवाय हार्ट फेल्युअरमध्ये वेगळाच एक प्रकार दिसतो : घसा उघडा असतो, पण मेंदूच श्वास घ्यायची आज्ञा द्यायला विसरतो. श्वास हळूहळू वाढतो, हळूहळू मंदावतो, थांबतो, पुन्हा वाढतो. याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात. हा फरक जपून ओळखावा लागतो. २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असून मुख्यत्वे सेंट्रल ॲप्निया असलेल्यांना श्वासाला मदत करणारं एका विशिष्ट प्रकारचं, हवेचा दाब आपोआप बदलणारं एएसव्ही यंत्र लावल्यावर हृदयविकाराचे मृत्यू उलट वाढले. म्हणून पाहुण्याचं श्वासाचं जुनं मशीन आणून वडिलांना लावू नका. मशीन कुठलं आणि दाब किती, हे त्यांचा रिपोर्ट आणि इको बघूनच ठरू दे.

रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. प्रोस्टेट आणि साखर दोन्ही ठीक आहे.

मग झोपेचं बघा. छातीतल्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, तेव्हा शरीराला वाटतं रक्त फार झालंय, आणि हृदयातूनच एक संप्रेरक सुटतं जे मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लोक मला सगळ्यात आधी हेच सांगतात : "ताई, रात्री उठलोच नाही."

मी तर बारीक आहे. मला कसा होईल?

वजन हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. हनुवटी मागे असणं, जबडा लहान असणं, टॉन्सिल मोठे असणं, नाक कायम चोंदलेलं असणं, वाढतं वय, घरात कुणाला असणं, हीही कारणं आहेत. आपल्याकडे तर वजनाचा काटा फार पुढे न जाताही पोटावर आणि गळ्याभोवती चरबी साठते. शर्टाच्या कॉलरचं माप बघा. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर लक्ष द्या.

बायकांना होतो का?

होतो, आणि पाळी गेल्यानंतर प्रमाण बरंच वाढतं. पण त्यांची तक्रार वेगळी असते. झोप लागत नाही, सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही, चिडचिड. त्यावर "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली जाते. घोरते असं सांगायला बाईला लाजही वाटते. दिवसभर विड्या वळून थकलेल्या एका मावशींनी मला त्यांच्या मुलासमोर काही सांगितलं नाही, तो पाणी आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मला गुदमरून जाग येते, बाई."

आमचे हे मान्यच करत नाहीत. म्हणतात, मी घोरतच नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. ज्याला आजार आहे तो त्या वेळी झोपलेला असतो, त्यामुळे त्याला खरंच माहीत नसतं. वाद घालू नका. मोबाइल उशाशी ठेवून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करा, त्यात ती शांतता आणि नंतरचा खाकरण्याचा आवाज यायला हवा. सकाळी चहाच्या वेळी, दुसरं कुणी नसताना दाखवा. चारचौघांत दाखवलात तर माणूस आणखी आडमुठा होतो.

सोलापूरच्या पूर्व भागात एका घरी गेले होते. खाली माग, वर राहणं. काकांना ॲट्रियल फिब्रिलेशन होतं म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहिली होती. काकू ठाम होत्या : हे घोरत नाहीत, मी चाळीस वर्षं शेजारी झोपतेय. मी यंत्र लावून निघाले. सकाळी रिपोर्ट पाहिला तर तीव्र ॲप्निया. मग लक्षात आलं, काकूंनी सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात कांड्या भरण्यात घालवलं होतं. त्यांना ऐकूच कमी येत होतं. मी बोलत असताना त्या सारख्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, हे मला रात्रीच कळायला हवं होतं. तेव्हापासून मी एकाच माणसाला विचारत नाही, घरातल्या नातवंडांनाही विचारते.

तपासणी कशी असते? सुया टोचतात का? हातातलं घड्याळ चालतं का?

सुई नाही, दुखत नाही. दोन प्रकार आहेत. हॉस्पिटलमध्ये रात्रभर झोपून, डोक्याला मेंदूच्या लहरींच्या तारा लावून केलेली संपूर्ण तपासणी. आणि घरी केलेली, कमी तारांची. हार्ट फेल्युअर किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर डॉक्टर सहसा पहिलीच सांगतात. घड्याळ झोपेत ऑक्सिजन कमी झाल्याचं दाखवत असेल तर ते निमित्त समजून तपासणी करा. घड्याळ ठीक म्हणतंय म्हणून निश्चिंत होऊ नका.

रिपोर्टमधला एएचआय म्हणजे काय?

झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा फार कमी झाला, तो आकडा. ५ पेक्षा कमी ठीक, ५ ते १४ सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० आणि पुढे तीव्र. पण नुसता हा आकडा बघून थांबू नका. ऑक्सिजन किती खाली गेला आणि किती वेळ ९० टक्क्यांच्या खाली राहिला, तेही विचारा. हृदयाच्या दृष्टीने त्याला मोठं महत्त्व आहे.

सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन का? एकदा लागलं की सवय लागते म्हणतात.

ऑक्सिजन नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने घशात सोडली जाते, त्या दाबाने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली. सवय लागते ती चष्म्यासारखी : लावलं की दिसतं, काढलं की पुन्हा धूसर. बंद केलं की थोड्याच रात्रींत त्रास परत सुरू होतो. म्हणून गावाला, लग्नाला, रेल्वेच्या प्रवासात मशीन सोबत न्या.

विकत घेण्याआधी भाड्याने मिळालं तर काही आठवडे वापरून बघा आणि मास्क स्वतःच्या चेहऱ्यावर लावून निवडा. मशीनपेक्षा मास्क चुकीचा निघाल्याने सोडून देणारे जास्त.

सीपॅप लावलं की अटॅक टळेल, हे नक्की का?

मशीन विकणारा नक्की म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण पुरावा तेवढा सरळ नाही, आणि हृदयाच्या रुग्णाला खरं कळायला हवं.

२०१६ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ लोक त्यात होते, भारतातलेही होते. नेहमीच्या औषधांसोबत सीपॅप दिलेल्या गटात पुढचे हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र त्यात लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, आणि दिवसा फार झोप येणाऱ्या लोकांना त्यात घेतलंच नव्हतं. त्यांचं घोरणं कमी झालं, दिवसाची झोप कमी झाली, मन बरं राहिलं, कामावरच्या रजा कमी झाल्या.

बीपीचं म्हणाल तर ते सरासरी दोन-तीन अंकांनी उतरतं. औषधांना दाद न देणाऱ्या बीपीत थोडा जास्त फायदा दिसतो, आणि जो मशीन जास्त तास लावतो त्याला जास्त. म्हणून माझं म्हणणं असं : सीपॅप हे बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांऐवजी नाही, त्यांच्या जोडीला आहे. आणि लावायचं तर पूर्ण झोपभर लावा. पहाटेची स्वप्नांची झोप ही ॲप्निया सर्वांत बळावण्याची वेळ, आणि नेमकं तेव्हाच लोक मास्क काढून ठेवतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मास्क कसा सहन करायचा? आणि लाईट गेली तर?

पारा ४३ वर असताना तोंडावर सिलिकॉन नको वाटतं, हे खरं आहे. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क बघा, कूलरचा झोत चेहऱ्यावर थेट येऊ देऊ नका, संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून सवय करा. आपली हवा कोरडी, त्यामुळे नाक सुकतं. पाण्याचं भांडं असलेलं मशीन बरं. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. साठवलेलं नळाचं पाणी घातलं की भांड्याला पांढरा थर धरतो. आणि पाणी रोज बदला.

लाईट गेली तर घरचा इन्व्हर्टर पुरतो, फक्त पाणी तापवणारा भाग बंद करा, वीज तोच जास्त खातो.

घरात किंवा शेजारी माग असेल तर एक काम विसरू नका. मशीनच्या मागची जाळी आठवड्याला बघा. मी एकदा एका घरी ती काढली तर गादीतला कापूस निघावा तसा रुव्याचा थर निघाला होता. हवा कमी येते म्हणून त्या गृहस्थांनी मशीन खराब समजून महिनाभर कपाटात ठेवलं होतं.

वजन कमी केलं तर जाईल का?

पुष्कळ कमी होऊ शकतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात २००० मध्ये दिसलं की वजन १० टक्क्यांनी घटलं तर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो, आणि तेवढंच वाढलं तर ३२ टक्क्यांनी चढतो. ९० किलोच्या माणसाला हे नऊ किलोचं गणित आहे. भाकरी सोडायची गरज नाही. रात्री दहानंतरचं जेवण, त्यानंतर लगेच आडवं होणं, आणि जेवणातलं मीठ इथून सुरुवात करा. वजन उतरवणारं टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. मित्राने घेतलं म्हणून आपणही, असं नको.

कुशीवर झोपल्याने फरक पडतो?

पाठीवर झोपल्यावरच ज्यांचा श्वास अडकतो, त्यांना खूप पडतो. आपल्या घरात जाड चादरींना तोटा नाही. एक चादर लांबट गुंडाळून दोरीने बांधा आणि पाठीशी ठेवा, उताणं वळता येत नाही. आमच्याकडे अण्णांसाठी अजून तीच युक्ती आहे, मशीनसोबत.

झोप यावी म्हणून गोळी किंवा एखादा पेग?

दारूने आणि झोपेच्या काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि मेंदू उठवायला उशीर करतो. दारू झोपण्याआधी तर नकोच. झोपेची गोळी चालू असेल तर ज्यांनी दिली त्यांना ॲप्नियाचं सांगा.

मशीनऐवजी ऑपरेशन?

लहान मुलांत टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढल्याने बहुतेकदा छान फरक पडतो. मोठ्यांत निवडक लोकांनाच उपयोग होतो. सौम्य ते मध्यम त्रासात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं उपकरण चालतं, ते झोपेच्या आजाराची माहिती असलेल्या दंतवैद्यांकडून मापाने करून घ्यावं लागतं.

दुसऱ्याच कशाचं ऑपरेशन आहे. भूल देणाऱ्यांना सांगायला हवं का?

हो, आवर्जून. मशीन असेल तर हॉस्पिटलमध्ये घेऊन जा.

मी ट्रक चालवतो. हे कळलं तर धंदा जाईल.

भाऊ, पुणे-हैदराबाद रस्त्यावर पहाटे चारला डोळा लागला तर काय होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. उपचार नीट घेतले की दिवसाची झोप पुष्कळ लोकांत काही आठवड्यांतच आटोक्यात येते. सिग्नलला डुलकी येत असेल, बोलता बोलता डोळे मिटत असतील, तर तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या.

सोलापुरात सुरुवात कुठे करू?

आधी ज्यांच्याकडे बीपी किंवा हृदयाची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनाच स्पष्ट विचारा : मला झोपेची तपासणी हवी का? नाहीतर छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ. खासगी खर्च झेपत नसेल तर सिव्हिलच्या छातीविकार विभागाच्या ओपीडीत चौकशी करा.

रात्री छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, असं काही झालं तर हे सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. "सकाळ होऊ दे" म्हणून आम्ही दोन तास घालवले होते.

तपासणीच्या रात्री काय तयारी ठेवू?

दुपारी झोपू नका, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. रोजच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या आणि त्यांची यादी माझ्याजवळ द्या. बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, ऑक्सिमीटर चुकतो. पुढे बटणं असलेला सैल सदरा घाला. हॉस्पिटलमध्ये तपासणी असेल तर स्वतःची उशी आणि चादर आणा, परक्या उशीवर झोप लागत नाही. आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल त्या दिवशी, जी व्यक्ती रात्री तुमच्या शेजारी जागी असते तिला सोबत न्या. डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं की उत्तर तिला देऊ द्या.